गाठ बसते, पुन्हा येते, आणि रिपोर्ट म्हणतो 'निष्कर्ष नाही': कुत्र्याच्या सुजलेल्या ग्रंथींचं काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. कुत्र्याच्या गळ्याखाली गाठ हाताला लागते. डॉक्टर इंजेक्शन आणि गोळ्या देतात, आठवड्यात गाठ बसते. महिना-दीड महिन्याने तीच गाठ परत, या वेळी दोन्ही बाजूंना, आणि मागच्या पायालाही काहीतरी लागतंय. मग सुई घालून नमुना घेतला जातो, तो पुण्याला जातो, आणि रिपोर्टवर एक ओळ येते: 'इनकन्क्लुझिव्ह. कोरिलेट क्लिनिकली.' म्हणजे कॅन्सर आहे की नाही? गोचीड ताप आहे की नाही? कुत्रं तर शेपूट हलवत जेवतंय.

मी पशुवैद्यक नाही. सोलापुरात माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, घरात कारवानी कुत्रा आहे, आणि ओळखीपाळखीतले लोक कुत्र्यांचे रिपोर्ट वाचायला माझ्याकडे घेऊन येतात. निदान मी करत नाही. पण असे रिपोर्ट कुठे फसतात हे स्लाइड हाताळणाऱ्याला बऱ्यापैकी कळतं, आणि बहुतेक घोळ रिपोर्टच्या आधीच झालेला असतो. औषधाचे डोस इथे मुद्दाम लिहीत नाही, ते वजन आणि रक्त बघून डॉक्टरांनीच ठरवायचे.

ती गाठ ग्रंथीच आहे ना?

लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शरीरभर असतात, पण निरोगी कुत्र्यात हाताला लागतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी: जबड्याखाली, खांद्याच्या पुढे मान जिथे संपते तिथे, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या मागे. काखेतल्या आणि जांघेतल्या एरवी जाणवत नाहीत किंवा जेमतेम जाणवतात. त्या सहज हाताला लागल्या तर दखल घ्यावी.

जबड्याखाली सगळ्यात जास्त फसगत होते. तिथे लाळग्रंथीही असते, ग्रंथीपेक्षा मोठी आणि जबड्याच्या कोनाजवळ मागे. घाबरलेला मालक बहुधा तीच दाबून बघत असतो, आणि कधीकधी सुईसुद्धा तिच्यातच जाते. रिपोर्टमध्ये 'सॅलिव्हरी एपिथेलियल सेल्स' असं काही दिसलं तर समजायचं की ग्रंथीचा नमुना आलेलाच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. कारवानी, पश्मी, मुधोळ या जातींची कुत्री अंगाने काटक, चरबी नावाला, कातडी पातळ. अशा कुत्र्याची गुडघ्यामागची अगदी नॉर्मल ग्रंथीही बोटाला स्पष्ट लागते. उलट गुबगुबीत लॅब्राडॉरमध्ये सुजलेली ग्रंथी चरबीत लपून राहते. त्यामुळे शेजारच्या कुत्र्याशी तुलना करू नका. तुमच्या कुत्र्याची तब्येत चांगली असताना एकदा सगळीकडे हात फिरवून ठेवा, तीच तुमची पट्टी.

गाठ मोजताना 'लिंबाएवढी', 'बोराएवढी' असं न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहा. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर मिळतो. आठवड्यातून एकदा, घरातल्या एकाच माणसाने, डावी-उजवी वेगळी नोंद करायची. ही वही पुढे रिपोर्टइतकीच कामाला येते.

एकच गाठ असेल तर आधी तिच्या हद्दीत शोधा

पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कुत्र्यातही यंत्रणा तीच. प्रत्येक ग्रंथी शरीराच्या ठरावीक भागाचा निचरा घेते आणि तिथे काही बिघडलं की फुगते. जबड्याखालची फुगली तर तोंड उघडून दात, हिरड्या, जीभ बघा आणि कान हुंगून बघा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांवर कीटण जमलेलं असेल तर ही ग्रंथी कायमच थोडी मोठी राहते. खांद्यापुढची फुगली तर पुढचा पाय, मान, कान. गुडघ्यामागची असेल तर मागचा पंजा बोटं फाकवून बघा. बाभळीचा काटा आणि गवताची कुसळं हे आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार. नान्नजकडच्या माळावर किंवा कापणी झालेल्या रानात कुत्रं मोकळं सोडलं की कुसळ दोन बोटांच्या मधे शिरतं, बाहेर नुसता एक ओलसर ठिपका दिसतो आणि आत ते वर सरकत राहतं. असं कुसळ आत असेपर्यंत अँटिबायोटिकने गाठ बसणार आणि कोर्स संपला की पुन्हा येणार.

जांघेतली एकच गाठ असेल आणि कुत्रं बाहेर फिरणारं असेल, तर लिंग किंवा योनीच्या जागेतून रक्त ठिबकतंय का बघा. संभोगातून पसरणारी टीव्हीटी नावाची गाठ भटक्या कुत्र्यांत बरीच आढळते. ती सुईच्या नमुन्यात बहुतेक वेळा ओळखता येते आणि व्हिनक्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी साधारणपणे पूर्ण बरी होते. मादी असेल तर सगळे सड एकेक करून चाचपा.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं तोंड सुजलं, ओठांवर फोड आले आणि गळ्याखाली मोठ्या गाठी आल्या, तर ते प्रकरण वेगळं आहे. त्याला पपी स्ट्रँगल्स म्हणतात, उपचारात स्टेरॉइडच लागतं, आणि नुसत्या अँटिबायोटिकवर रेंगाळलं तर पिल्लू दगावू शकतं. पुढे मी स्टेरॉइडबद्दल जे लिहिलंय ते या पिल्लांना लावू नका.

अनेक गाठी असतील तर आपल्या गावात पहिला संशय गोचिडाचा

मार्च ते जून सोलापूर तापतं. पारा चाळिशीच्या वर जातो, आणि तपकिरी गोचिडाला असा कोरडा उकाडा मानवतो. हा गोचीड घरात, भिंतींच्या फटींत, पायरीच्या दगडाखाली आपलं सगळं आयुष्य काढू शकतो. मादी रक्त पिऊन कुत्र्यावरून उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. उपाशीपोटी हे गोचीड महिनोन्महिने तग धरतात. जुन्या पेठांतली दगडी बांधकामं त्यांना अगदी सोयीची.

त्याच्या चाव्यातून एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू शिरतो, गोचीड ताप म्हणतात तो हाच, आणि चाव्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ, जेवण कमी, प्लेटलेट खाली, प्लीहा मोठी आणि अंगभर ग्रंथी सुजलेल्या, असं चित्र दिसतं. नाकातून रक्त येणं हे त्याचं ओळखीचं लक्षण, पण ते प्रत्येक कुत्र्यात दिसत नाही. कित्येक कुत्री पहिल्या तापातून आपोआप सावरतात आणि महिने, कधी वर्षं, वरून ठणठणीत दिसतात. जिवाणू मात्र आत असतो. 'गाठी येतात, जातात, येतात' या तक्रारीचं एक मोठं कारण हे.

दुसरं कारण अर्धवट कोर्स. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. ताज्या आजारात कुत्रं दोन-तीन दिवसांतच उठून बसतं, आणि मग दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. 'बरा झाला की हो तो, कशाला उगाच तोंड कडू करायचं?' हे वाक्य मी होटगी रोडपासून अशोक चौकापर्यंत सगळीकडे ऐकलंय. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. दुधातून देऊ नका. गिळल्यावर थोडं पाणी किंवा घासभर भाकरी द्या, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. डॉक्सी चालू होऊन तीन-चार दिवस झाले आणि ताप, मरगळ जराही हलली नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवं. त्याच गोचिडातून बॅबेसिया आणि हेपॅटोझून हे परजीवीही येतात. एकट्या डॉक्सीने ते जात नाहीत, त्यांची औषधं वेगळी. बॅबेसिया गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणात चाव्यातूनही पसरतो, तेव्हा 'आमच्याकडे गोचीड नाहीतच' हे उत्तर पुरेसं नाही. हेपॅटोझून तर कुत्र्याने गोचीड चावून गिळला की होतो.

तिसरं कारण, पुन्हा लागण. एर्लिकिया एकदा होऊन गेला म्हणून कायमचं संरक्षण मिळत नाही. कुत्र्याला औषध आणि घराला काहीच नाही, असं केलं तर पुढच्या उन्हाळ्यात हाच पाढा. नेक्सगार्ड, ब्राव्हेक्टो यांसारख्या गोळ्यांनी गोचीड मरतात. पहिली महिन्याला, दुसरी साधारण बारा आठवड्यांना. सोबत फटी सिमेंटने बुजवणं, कुत्र्याची बसायची चादर उकळत्या पाण्यातून काढणं, पायऱ्यांखाली झाडू मारणं ही कंटाळवाणी कामं करावीच लागतात.

गोचिडाच्या तपासण्यासुद्धा गोंधळात टाकतात

रक्ताचा थेंब टाकायचं किट कार्ड अँटिबॉडी शोधतं. लागण होऊन दोन आठवडेही झाले नसतील तर अँटिबॉडी तयारच नसतात, कार्ड निगेटिव्ह येतं आणि कुत्रं आजारी असतं. दुसरीकडे, आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी महिने किंवा वर्षं राहू शकतात. म्हणजे पॉझिटिव्ह कार्डचा अर्थ 'कधीतरी संपर्क आला' एवढाच. आजच्या गाठीचं कारण तेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झालेल्या कुत्र्याचं कार्डही पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि तिथेच बहुमोल आठवडे वाया जातात.

पीसीआर जिवाणूचा डीएनए शोधते, त्यामुळे ती आजची स्थिती सांगते. पण रक्त डॉक्सी सुरू होण्याआधी घ्यायला हवं. चार गोळ्या पोटात गेल्यावरची निगेटिव्ह पीसीआर कुणाच्याच कामाची नाही. जांभळ्या झाकणाची ईडीटीए बाटली, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, गोठवायची नाही.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, याबद्दल माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. शहरात कुत्र्यांचं रक्त बऱ्याचदा माणसांच्या लॅबमध्ये चालवलं जातं. मशीन माणसाच्या पेशींच्या मापाला लावलेलं असतं. कुत्र्याचा त्यावर आलेला पांढऱ्या पेशींचा डिफरन्शियल (कोणत्या प्रकारच्या पेशी किती, हा हिशोब) भरवशाचा नसतो, आणि प्लेटलेट गुठळी करून बसल्या की मशीन त्या मोजतच नाही. ग्रेहाउंडमध्ये प्लेटलेट मुळातच थोड्या कमी असतात, ते आणखी वेगळं. 'प्लेटलेट ४० हजार' वाचून हातपाय गाळण्याआधी एक विनंती करा: स्लाइड काढून कुणीतरी डोळ्याने बघा, कडेला गुठळ्या आहेत का, लाल पेशींत बॅबेसिया दिसतो का. पाच मिनिटांचं काम आहे. बॅबेसियासाठी कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबाची स्लाइड जास्त उपयोगी पडते.

आता तो रिपोर्ट

'निष्कर्ष नाही' या एका छत्रीखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. त्यामुळे रिपोर्टची शेवटची ओळ सोडा, वरचं वर्णन वाचा.

पहिला प्रकार: 'नॉन-डायग्नोस्टिक', 'इनॲडिक्वेट', 'हेमोडायल्यूट', 'स्मज सेल्स', 'लाइज्ड सेल्स'. इथे नमुनाच बिघडलाय. नुसतं रक्त आलं, चरबी आली, किंवा पेशी फुटल्या. यातून कुत्र्याबद्दल काहीच कळलेलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. नमुना पुन्हा घ्यायचा. लिम्फोमाच्या पेशी फार नाजूक असतात. सिरिंजने जोरात ओढलं किंवा दोन काचा दाबून घासल्या की त्या चिरडतात आणि काचेवर नुसते जांभळे ओघळ उरतात. सिरिंज न लावता बारीक सुई ग्रंथीत चार-पाच वेळा हलकेच आत-बाहेर करून घेतलेला नमुना बहुधा चांगला येतो. शक्यतो जबड्याखालची ग्रंथी टाळून खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची घ्यावी, कारण जबड्याखालची दातांमुळे आधीच भडकलेली असते. सगळ्यात मोठी गाठही निवडू नये. तिचा मध्य कधीकधी सडलेला असतो. दोन वेगवेगळ्या ग्रंथींतून घ्यावा. हे डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका, पण 'साहेब, या वेळी दोन ठिकाणचा घेऊ या का?' एवढं विचारायला हरकत नाही.

दुसरा प्रकार: 'रिॲक्टिव्ह हायपरप्लासिया'. नमुना चांगला आहे, ग्रंथी कशाला तरी प्रतिसाद देतेय, बहुतेक पेशी छोट्या आणि त्यांत मिसळलेल्या थोड्या मोठ्या. लोक हा रिपोर्ट वाचून पेढे वाटतात. खरं तर इथून शोध सुरू होतो: कशाला प्रतिसाद? गोचीड, त्वचा, दात, काटा, कान, अंगावरची खरूज. कारण सापडलं आणि त्यावर इलाज झाला, तर दोन-चार आठवड्यांत गाठी उतरायला हव्यात, आणि तुमच्या कॅलिपरच्या वहीत ते दिसायला हवं. कारण सापडत नाही आणि गाठी जिथल्या तिथे किंवा वाढताहेत, तर 'रिॲक्टिव्ह' या शब्दावर विसंबून राहू नका. सुई ग्रंथीच्या एका कोपऱ्यातून आलेली असते.

तिसरा प्रकार खरा अवघड: 'लिम्फॉइड प्रोलिफरेशन, लिम्फोमा कॅनॉट बी रूल्ड आउट' किंवा 'मोनोटोनस स्मॉल लिम्फोसाइट्स'. वाचणाऱ्याला पेशी छान दिसल्या आहेत, पण ठरवता येत नाही. नेहमीच्या आक्रमक लिम्फोमात मोठ्या, कच्च्या पेशी निम्म्याहून जास्त असतात आणि अनुभवी डोळ्याला ते पटकन कळतं. पण सावकाश वाढणाऱ्या काही लिम्फोमांत पेशी छोट्याच असतात, अगदी नॉर्मलसारख्या. अशा वेळी सुई कितीही वेळा घाला, उत्तर तेच येणार. इथे ग्रंथीची रचना बघावी लागते, म्हणजे अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी.

'सजेस्टिव्ह ऑफ लिम्फोमा' असं लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट मात्र 'निष्कर्ष नाही' या खात्यात टाकू नका. लॅबवाले स्वतःला वाचवून लिहितात, आम्हीही लिहितो. त्याचा अर्थ 'बहुतेक हो' असा घ्या आणि लगेच पुढच्या तपासणीचं बोला.

राहिलं 'कोरिलेट क्लिनिकली', म्हणजे 'कुत्र्याच्या लक्षणांशी ताडून बघा'. हे अनेकदा येतं, कारण नमुन्यासोबतच्या फॉर्मवर नुसतं 'डॉग, स्वेलिंग' एवढंच लिहिलेलं असतं. पुण्यात बसलेल्या पॅथॉलॉजिस्टला काय कळणार? वय, जात, कोणती ग्रंथी, किती मिलिमीटर, कधीपासून, एकीकडे की सगळीकडे, गोचीड होते का, कोणती औषधं चालू आहेत किंवा नुकती बंद झाली, हे सगळं एका कागदावर लिहून सोबत द्या. डॉक्टरांना वेळ नसेल तर तुम्ही लिहा, ते सही करतील.

'डेक्सा दिलंय का?'

या अख्ख्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. ताप आणि सूज दिसली की पहिल्याच भेटीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन देण्याची पद्धत आहे. कुत्रं संध्याकाळी जेवतं, गाठी उतरतात, सगळे खूश. पण स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशीही मारतं. गाठ औषधाने बसली म्हणजे ती साधी होती, असं अजिबात नाही. लिम्फोमाची गाठ स्टेरॉइडने काही आठवडे सुंदर बसते. त्या काळात घेतलेला नमुना गोलमाल उत्तर देतो. पुढे गाठी परत येतात तेव्हा त्या केमोथेरपीलाही कमी दाद देतात.

म्हणून कारण कळलेलं नाही आणि नमुना घ्यायचा आहे, तोवर स्टेरॉइड नको, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. बिलावर किंवा फाइलवर इंजेक्शनांची नावं लिहून मागा. संकोच वाटतो, मला कळतं, पण 'डॉक्टरसाहेब, आजच्या इंजेक्शनमध्ये डेक्सा आहे का?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या क्लिनिकबद्दल तक्रारी येतात तिथेही हा प्रश्न विचारल्यावर उत्तर नीट मिळतं, असा अनुभव आहे. श्वास घुसमटत असेल किंवा शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारत असेल तर स्टेरॉइड तातडीने द्यावं लागतं. तिथे जीव आधी, नमुना नंतर. आणि आधीपासून चालू असेल तर घरी मनाने एकदम बंद करू नका, हळूहळूच उतरवायचं असतं. घरातली कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही देऊ नका. कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात, आणि स्टेरॉइडच्या जोडीला गेली तर पोटात रक्तस्राव होतो.

बायोप्सी आणि पुढचं

अख्खी ग्रंथी काढणं ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात गुडघ्यामागची ग्रंथी काढणं ही छोटी शस्त्रक्रिया आहे. इतक्या ग्रंथींमधली एक गेल्याने कुत्र्याचं काही अडत नाही. आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची खात्री करायची, कारण एर्लिकिया असेल तर रक्त थांबत नाही.

महाराष्ट्रात शिरवळ, उदगीर आणि परळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत. आपल्याला उदगीर आणि शिरवळ त्यातल्या त्यात आवाक्यात. कोणती तपासणी सध्या होते हे निघण्याआधी फोन करून विचारा. पुण्या-मुंबईच्या खासगी लॅबकडे नमुना पाठवायचं काम बहुतेक डॉक्टर करतात.

बायोप्सीवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली की पेशी बी प्रकारच्या की टी प्रकारच्या ते कळतं, आणि त्यावर पुढचा अंदाज बराचसा ठरतो. पार (PARR) नावाची आणखी एक तपासणी आहे: पेशी एकाच मूळ पेशीची पिल्लावळ आहेत का, हे ती डीएनएवरून सांगते. रंग दिलेल्या जुन्या स्लाइडवरही ती करता येते, हा तिचा फायदा. पण एर्लिकियाच्या कुत्र्यात ती कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणजे आपल्या भागात गोचीड तापाचा निकाल लावल्याशिवाय पारवर विसंबणं धोक्याचं. फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे मशीनमधून एकेक पेशी सोडून तिचा प्रकार ओळखण्याच्या तपासणीला, जिवंत पेशी लागतात. सोलापूरहून मे महिन्यात त्या शाबूत पोचवणं कठीण, तेव्हा तिच्या मागे लागू नये असं माझं मत.

पार्सल करताना पाळायचं पथ्य: सुईच्या नमुन्याची स्लाइड हवेत पूर्ण वाळवा, पंख्याखाली चालेल, उन्हात नको. माणसांच्या काही सायटोलॉजी नमुन्यांसारखी ती ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवली तर लिम्फॉइड पेशी नीट वाचता येत नाहीत, लॅबने सांगितलं असेल तरच बुडवा. वाळलेली स्लाइड फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की दव धरतं. आणि फॉर्मेलिनच्या डबीसोबत एकाच पिशवीत तर कधीच नाही. फॉर्मेलिनची नुसती वाफ लागली तरी स्लाइड रंग धरत नाही आणि 'इनॲडिक्वेट' म्हणून परत येते. बायोप्सीचा तुकडा बुडवायला त्याच्या दहापट फॉर्मेलिन हवं, ग्रंथी मोठी असेल तर मधून चीर द्यावी. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअर करू नका, शनिवार-रविवार पार्सल कुठेतरी पत्र्याखाली भाजत पडतं.

निदान लिम्फोमाच आलं तर? सर्वांत जास्त दिसणारा प्रकार अंगभर ग्रंथी सुजवणारा. त्या घट्ट, रबरासारख्या, दुखत नाहीत, आणि कुत्रं सुरुवातीला मजेत असतं. म्हणूनच उशीर होतो. पाणी अचानक फार पिऊ लागलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या, विशेषतः टी प्रकारात ते वाढतं. आक्रमक प्रकारात उपचार न केल्यास आयुष्य साधारण चार ते सहा आठवडे, नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक ते तीन महिने, आणि अनेक औषधांच्या केमोथेरपीवर सरासरी वर्षभराच्या आसपास. कायमचं बरं होणं विरळा. पण सावकाश वाढणाऱ्या, छोट्या पेशींच्या प्रकारात कुत्री वर्षानुवर्षं सुखाने जगतात. 'निष्कर्ष नाही' या रिपोर्टमागे कधीकधी हाच प्रकार लपलेला असतो, त्यामुळे तो रिपोर्ट हातात आला म्हणून कुत्र्याचे दिवस भरले, असं धरू नका.

बायोप्सी परवडत नाही, किंवा कुत्रं चौदा वर्षांचं आहे आणि त्याला भूल द्यायची नाही, हा निर्णयही योग्य असू शकतो. मग डॉक्टरांशी स्पष्ट बोलून, गोचिडाचा पूर्ण कोर्स एकदा नीट करून, तरीही गाठी वाढल्या तर प्रेडनिसोलोनवर त्याचे दिवस आरामाचे करता येतात. फक्त ते ठरवून करा.

रिपोर्टची वाट बघायची नाही अशा वेळा

हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, लघवी चहाच्या रंगाची, श्वास घेताना घरघर, गळा आणि तोंड भराभर सुजणं, किंवा गुदद्वारातून घेतलेला ताप १०४ फॅरनहाइटच्या वर (नॉर्मल १०१ ते १०२.५): यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. अशा कुत्र्याला रक्त चढवावं लागू शकतं, आणि ऐनवेळी रक्त मिळणं कठीण. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त चढवताना गट जुळण्याची अडचण सहसा येत नाही. तेव्हा ओळखीतला एखादा २५ किलोच्या वरचा, तरुण, लसी झालेला, गोचीड तपासणी निगेटिव्ह असलेला कुत्रा हेरून ठेवा, त्याच्या मालकाशी आधीच बोलून घ्या आणि त्यांचा नंबर कुत्र्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.